हाफ इंजिन : एक प्रस्तावना

तुळजापूरहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग ३६१ औसा, लातूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला येतो आणि पुढे यवतमाळ-वर्ध्यावरून नागपूरजवळच्या बुटीबोरीला जातो. लातूरच्या आडतीतली तूर आणि सोयाबीन, तिथल्या डाळमिलची डाळ, हंगामात ऊस आणि मागाहून साखर, बारा महिने खडी, सिमेंट आणि खताची पोती, असा सगळा माल या रस्त्यावर ट्रकच्या पाठीवर असतो. ट्रक चालला तर कमाई. उभा राहिला तरी बँकेचा हप्ता काही उभा राहत नाही. म्हणून इंजिन तेल खाऊ लागलं, चढाला दम सोडू लागलं, सकाळी सेल्फ मारूनही उठेनासं झालं, की मालक मिस्त्रीला बिघाड काय आहे ते नंतर विचारतो. त्याचा पहिला सवाल असतो, ‘‘मिस्त्री, गाडी किती रोज उभी राहील?’’

या सवालाचं नेहमीचं उत्तर म्हणजे हाफ इंजिन. इंजिन चासीवरून उतरवायचं नाही. वरून हेड काढायचं, खालून तेलाचं चेंबर काढायचं आणि या दोन तोंडांतून जेवढं बदलता येईल तेवढं बदलायचं : पिस्टन, रिंगा, लायनर, बिग एंडची बेअरिंगं आणि हात पोचला तर मेनचीही. गिअरबॉक्स जागेवर, क्लच जागेवर, फाउंडेशनचे बोल्ट जसेच्या तसे. क्रँक तर हलतच नाही. फुल इंजिन म्हणजे याच्या उलट. चेन पुली लावून अख्खं इंजिन उतरवायचं, ब्लॉक मोकळा करून धुवायचा, क्रँक ग्राइंडिंगला पाठवायचा, कॅमचे बुश बदलायचे आणि सगळं नव्यानं बांधायचं. फुल इंजिनाला दिवस जास्त आणि पैसेही जास्त. ही हस्तपुस्तिका हाफ इंजिनाची आहे आणि ती वर्कशॉपमध्ये हात काळे करणाऱ्या माणसासाठी लिहिली आहे.

आधी एक गैरसमज बाजूला करू. चासीवरच इंजिन बांधणं म्हणजे गरिबाघरचा जुगाड आणि उतरवून बांधणं म्हणजे खरं शास्त्रीय काम, असं डिप्लोमा-डिग्री झालेली मंडळी पुष्कळदा धरून चालतात. जगातली सगळ्यात मोठी डिझेल इंजिनं मात्र जागेवरच बांधली जातात. मालवाहू जहाजाचं इंजिन कुणी बाहेर काढत नाही. इंजिनरूममधल्या क्रेननं पिस्टन आणि लायनर वर ओढून तिथंच नवे बसवतात. १९६२ पासून भारतीय रेल्वेनं वापरलेल्या डब्ल्यूडीएम-२ लोकोचं सोळा सिलिंडरचं, २६०० अश्वशक्तीचं ॲल्को इंजिन असंच होतं. त्याचे पिस्टन, लायनर आणि हेड लोकोवरच काढता-घालता येत.

आपल्याकडे तर हे शिक्षण विहिरीच्या काठावर झालं. शंतनुराव किर्लोस्करांनी १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू केली आणि पुढच्या काही दशकांत खेडोपाडी विहिरींवर डिझेल इंजिनं बसली. सिमेंटच्या चौथऱ्यात बोल्टनं आवळलेलं ते एका सिलिंडरचं इंजिन दुरुस्तीसाठी तालुक्याला कोण नेणार? मिस्त्रीच पान्यांची पिशवी घेऊन सायकलवरून विहिरीवर जायचा. हेड उतरवायचा, क्रँककेसच्या बाजूचं झाकण उघडून बिग एंड सोडवायचा, पिस्टन वर ओढून रिंगा बदलायचा. पिकाला पाणी थांबलेलं असायचं, त्यामुळे घाई तेव्हाही होतीच. ट्रकच्या हाफ इंजिनामागे हा अनुभव आहे. ट्रकचं इंजिन सहा सिलिंडरचं, दाब जास्त, तेलाच्या वाटा गुंतागुंतीच्या, मोजमापाला सूट फार थोडी. पद्धत विहिरीवरचीच, पण चुकीची किंमत कितीतरी पटींनी वाढलेली.

कोणतं इंजिन चासीवर बांधता येईल हे बरंचसं त्याच्या लायनरवर ठरतं. लायनर म्हणजे ज्याच्या आत पिस्टन वर-खाली होतो ती नळी. ओल्या लायनरला बाहेरून थेट कूलंटचं पाणी लागतं. तो ब्लॉकमध्ये वरच्या कॉलरवर बसतो आणि खाली रबरी ओ-रिंगा पाणी अडवतात. जुना लायनर पुलरनं ओढून काढता येतो. नवा कारखान्यातूनच बोअर आणि होनिंग होऊन येतो. तो बसवायचा, मोजायचा आणि पुढे जायचं. कमिन्सचं एनटी ८५५ हे याचं चांगलं उदाहरण. कमिन्सनं किर्लोस्करांच्या भागीदारीत १९६२ मध्ये पुण्यात कारखाना काढला आणि हे इंजिन पुढे देशभर डंपर, जनरेटर आणि अवजड यंत्रांत दिसू लागलं. १३९.७ मिमी बोअर, १५२.४ मिमी स्ट्रोक, सहा सिलिंडर मिळून १४ लिटर. लायनर ओले आणि हेड एकसंध नसून तीन, दोन-दोन सिलिंडरांना एकेक. दोन माणसांना अडचणीच्या जागेतही हेड उचलता येतं. चासीवर बांधता यावं म्हणूनच जणू घडवलेलं इंजिन.

कोरडा लायनर ब्लॉकच्या बोअरमध्ये दाबून बसवलेला असतो आणि त्याला पाणी लागत नाही. बाजारात तो बहुतेकदा सेमी-फिनिश मिळतो : आधी प्रेसनं दाबायचा, मग जागेवर बोअर करून होनिंग करायचं. काही इंजिनांना तर लायनरच नसतो. टाटांच्या अनेक ट्रकांत आलेलं कमिन्सचं सहा सिलिंडरी ६बीटी, १०२ मिमी बोअर आणि १२० मिमी स्ट्रोकचं ५.९ लिटर इंजिन, असं आहे. त्यात पिस्टन थेट ब्लॉकच्या धातूवर चालतो. बोअर जास्त झिजला तर बोअरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन घालावे लागतात. ब्लॉकवरच आवळून बसणारं पोर्टेबल बोरिंग बार आहे आणि त्यानं चासीवर बोअर मारताही येतो. पण कापलेल्या लोखंडाचा भुगा खाली क्रँकवर पडतो आणि तेलाच्या भोकांत शिरतो, तिथून तो पूर्ण काढणं जवळजवळ अशक्य. अशा इंजिनाचे बोअर मापात असतील तर रिंगा आणि बेअरिंगं चासीवर बदला. मापाबाहेर गेले असतील तर इंजिन उतरवा. या पुस्तिकेचा हा पहिला नियम आहे.

टाटांचं ६९७ इंजिन या भागातल्या जुन्या मिस्त्रींना तोंडपाठ आहे. टाटांनी १९५४ मध्ये डेमलर-बेंझशी करार केला. तो १९६९ मध्ये संपला, पण जर्मन आराखड्यावरची इंजिनं पुढे कित्येक वर्षं चालत राहिली. ६९७ मधला सहा म्हणजे सिलिंडर आणि सत्त्याण्णव म्हणजे मिलिमीटरमधला बोअर; स्ट्रोक १२८. साध्या पंपाचं, साध्या नोजलचं हे इंजिन हातानं समजून घेता येत होतं. त्यातून एक आत्मविश्वासही तयार झाला : आवाजावरून बिग एंड कळतो, धुरावरून रिंगा कळतात, बोटानं चाचपून लायनरची पायरी कळते. हे सगळं खरं आहे. पण कळणं एक आणि मोजणं दुसरं. या पुस्तिकेचा सगळा भर मोजण्यावर आहे.

फुल इंजिनात प्रत्येक भाग डोळ्यांपुढे येतो. ब्लॉक उलटा करून बघता येतो, क्रँक व्ही-ब्लॉकवर ठेवून फिरवता येतो, मेनच्या बोगद्याचं माप घेता येतं. हाफ इंजिनात यातलं बरंच झाकलेलं राहतं. नवे पिस्टन, नव्या रिंगा, नवे लायनर बसले की कॉम्प्रेशन परत येतं, आणि तो वाढलेला दाब पेलायचा असतो न बदललेल्या भागांनी : त्याच क्रँकनं, त्याच कनेक्टिंग रॉडनी, त्याच ब्लॉकनं. २१०० फेऱ्यांवर चार स्ट्रोकच्या इंजिनाचा एकेक सिलिंडर सेकंदाला साडेसतरा वेळा पेटतो आणि दर वेळी तो धक्का बेअरिंगमधल्या तेलाच्या पातळ थरावर येतो. म्हणून हाफ इंजिनात नव्या भागांपेक्षा जागेवर राहणाऱ्या जुन्या भागांची परीक्षा जास्त कडक व्हायला हवी. गॅरेजमध्ये मात्र बहुधा उलट घडतं. सगळं लक्ष नव्या किटच्या खोक्यावर आणि जुन्या क्रँकवरून एकदा फडकं फिरवलं की झालं.

क्रँकचंच घ्या. बिग एंडचे जर्नल चासीवरही मायक्रोमीटरनं मोजता येतात. आडवं माप, उभं माप, दोन्ही टोकांची मापं. त्यांतून जर्नल किती अंडाकृती झाला आणि किती निमुळता झाला ते कळतं. मेनचा जर्नल कॅप काढल्यावर अर्धाच उघडा पडतो, त्यामुळे तिथं काढलेल्या बेअरिंगची साक्ष महत्त्वाची. पेटण्याचा धक्का कनेक्टिंग रॉडमध्ये वरच्या पाकळीवर आणि मेनमध्ये कॅपकडच्या खालच्या पाकळीवर येतो. पाकळीचा वरचा थर सारखा झिजला असेल तर ती वयानुसार झीज. एकाच कडेला झिजला असेल तर रॉड वाकडा आहे किंवा जर्नल निमुळता. बारीक ओरखडे म्हणजे तेलातली घाण. तांबूस धातू उघडा पडला असेल तर पुढची चौकशी केल्याशिवाय नवी पाकळी घालू नये. बेअरिंगची प्रत्येक पाकळी कोणत्या नंबरच्या जर्नलची ते खडूनं लिहून फळीवर ओळीनं मांडा, असं पुस्तिकेत आग्रहानं सांगितलं आहे. अशा फळीवरून अख्ख्या इंजिनाचा इतिहास वाचता येतो.

मेनची वरची पाकळी क्रँक न काढता बदलायची युक्ती जुनी आहे. कॅप काढायची, जर्नलच्या तेलाच्या भोकात पाकळीपेक्षा कमी जाडीच्या डोक्याची पिन बसवायची आणि क्रँक हातानं सावकाश फिरवायचा. पिन पाकळीला ढकलत बाहेर आणते. नवी पाकळी त्याच वाटेनं आत सरकवायची; तिची खाच ब्लॉकच्या खाचेत आणि तेलाचं भोक भोकासमोर आलंच पाहिजे. एका वेळी एकच कॅप काढायची. क्लिअरन्स प्लास्टिगेजनं तपासायचा आणि टॉर्क पाना कंपनीच्या आकड्यानुसारच लावायचा. बेअरिंग सैल वाटलं म्हणून कॅप कानशीनं घासणं किंवा पाकळीखाली पत्र्याची पट्टी घालणं, हे प्रकार आजही कुठंकुठं चालतात. त्यानं गोल बोगदा अंडाकृती होतो आणि इंजिन लवकरच पुन्हा उघडावं लागतं. ज्या इंजिनांत रॉडची कॅप तोडून जुळवलेली असते, तिथं कॅप घासली तर तो रॉडच बाद.

ओल्या लायनरच्या बाबतीत ब्लॉकमधली बैठक पाहावी लागते. लायनरची कॉलर ब्लॉकच्या पातळीच्या किंचित वर राहिली पाहिजे, म्हणजे हेड आवळल्यावर गॅस्केट तिथं घट्ट दाबलं जातं. एनटी ८५५ मध्ये ही उंची साधारण ०.०८ ते ०.१५ मिमी. कमी राहिली तर गॅस्केट फुटतं, जास्त झाली तर कॉलरलाच तडा जातो. डायल गेजनं चार बाजूंना मोजल्याशिवाय हेड चढवू नये. लायनर बसवल्यावर त्याचा गोलपणाही तपासावा, कारण पिळलेली ओ-रिंग लायनर आत दाबते. मग चेंबर लावण्याआधी कूलिंग सिस्टीम भरून दाब द्यावा आणि खालून टॉर्च मारून बघावं. पाण्याचा एक थेंब दिसला तर लायनर तेव्हाच पुन्हा काढणं सोपं. गाडी रस्त्याला लागल्यावर तेच पाणी तेलात सापडतं.

पाण्यावर या पुस्तिकेत वेगळं प्रकरण आहे आणि ते आपल्या भागासाठी मुद्दाम. मराठवाड्यात रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतायची सवय आहे. ते जड असतं. लायनरच्या बाहेरच्या बाजूला क्षाराचा थर बसतो, उष्णता बाहेर जात नाही, रिंगा तापतात आणि तेल जळू लागतं. दुसरा धोका दिसायला लहान, परिणामानं मोठा. प्रत्येक पेटण्याबरोबर लायनर थरथरतो, त्याच्या बाहेर पाण्यात वाफेचे सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि लोखंडावर खड्डे पाडतात. काही काळानं खड्डा आरपार जातो. योग्य कूलंटमधली रसायनं लायनरवर राखण करणारा थर धरतात; साध्या पाण्याला ते जमत नाही. जुना लायनर भंगारात टाकण्याआधी बाहेरून धुऊन बघा. खड्डे असतील तर बिघाड मागच्या किटचा नव्हता, पाण्याचा होता, आणि तेच पाणी ओतलं तर नवा किटही त्याच वाटेनं जाईल.

धूळ हा दुसरा शत्रू. लोहा, कंधार, अहमदपूर हा बालाघाटाचा मुलूख. उन्हाळ्यात माती भुकटी होते, खडीच्या गाड्या तर धुळीतच दिवस काढतात. एअर फिल्टरच्या पाइपाची एक क्लिप सैल असली तरी पुरे. मातीतली गारगोटीची कणी आत गेली की रिंगा आणि लायनर घासत राहतात. सगळ्यात जास्त झीज लायनरच्या वरच्या टोकाला होते. तिथं रिंग क्षणभर थांबून दिशा बदलते आणि तेलाचा थर सर्वांत पातळ असतो. म्हणून फिल्टरपासून मॅनिफोल्डपर्यंतचा पाइप न तपासता दिलेलं हाफ इंजिन अर्धवटच समजावं. काम करतानाही हीच धूळ उघड्या क्रँकवर बसते. वारा सुटण्याआधी सकाळी जोडणी करणं, बोअर झाकून ठेवणं, होनिंग करावं लागलं तर जर्नल आधी कापडानं गुंडाळणं आणि नंतर बोअर डिझेलनं नाही, गरम साबणाच्या पाण्यानं धुऊन पांढऱ्या फडक्यानं पुसणं : ही कामं दिसायला बायकी वाटतात म्हणून टाळली जातात आणि टाळणाऱ्याला महागात पडतात.

नव्या गाड्यांनी या कामाला नवी बाजू जोडली आहे. देशभर १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. मधल्या काळात, २०१८ मध्ये, तीन ॲक्सलच्या ट्रकचं मान्य एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेलं. म्हणजे इंजिनाचा भारही वाढला. आता डिझेल दीड-दोन हजार बार दाबानं आत जातं, इंजेक्टर संगणक उघडतो, आणि नवा इंजेक्टर बसवला की त्याचा कोड ईसीयूला सांगावा लागतो. पूर्वी तेल खाणारी गाडी ‘तेल ओतत चालवू’ म्हणून हंगामभर रेटता येत असे. आता जळालेल्या तेलाची राख सायलेन्सरच्या रांगेतल्या महागड्या फिल्टरमध्ये साठते. त्यामुळे रिंगा झिजल्याचं लवकर ओळखणं मालकाच्याही हिताचं झालं आहे. आयटीआयच्या एका वर्षाच्या डिझेल मेकॅनिक अभ्यासक्रमात या साऱ्याची ओळख होते. हात बसायला मात्र वर्कशॉपच लागतं.

आणि म्हणूनच पुस्तिकेतलं सगळ्यात लांब प्रकरण पाना हातात घेण्याआधीचं आहे. ब्रीदरमधून किती बॅक मारतंय, गरम इंजिनात आयडलला तेलाचा दाब किती, प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन किती, फिल्टर कापला तर आत धातूची चमक आहे का, कूलंटमध्ये तेल आणि तेलात कूलंट आहे का : ही तपासणी आधी. धूर निळा असूनही दोष टर्बोच्या सीलचा निघू शकतो, आणि मग इंजिन उघडणंच चूक ठरतं. इंजिन उघडायचंच ठरलं तर गाडीखाली नुसत्या जॅकवर कुणी शिरू नये. घोडी लावावी, टिल्ट केबिनचं लॉक बघावं, बॅटरीची वायर सोडावी. क्रँक फिरवणारा आणि खाली हात घातलेला, या दोघांनी एकमेकांना ओरडून सांगितल्याशिवाय काही हलवू नये.

पुस्तिकेत टॉर्कचे आणि क्लिअरन्सचे आकडे थोडेच आहेत. ते प्रत्येक इंजिनाच्या कंपनी मॅन्युअलमधून घ्यायचे. इथं ते कसे वापरायचे एवढंच सांगितलं आहे. शेवटी एक कोरा तक्ता जोडला आहे. त्यात प्रत्येक जर्नलचं, प्रत्येक लायनरचं माप, बसवलेल्या बेअरिंगचा साइज, किलोमीटर आणि तारीख लिहायची. एक प्रत गॅरेजमध्ये, एक मालकाकडे. पुढच्या वेळी हेच इंजिन नांदेडला किंवा नागपूरला दुसऱ्या मिस्त्रीनं उघडलं तर त्याला झीज किती वेगानं होतेय ते कळेल.

तक्ता भरताना काही इंजिनांची मापं बसणार नाहीत. जर्नल मर्यादेबाहेर असेल, मेनचं बेअरिंग फिरलं असेल, इंजिन इतकं तापलेलं असेल की ब्लॉकची पातळीच गेली असेल, कॅमचे बुश ढिले असतील, ब्लॉकला तडा असेल. तिथं मालकाला तोंडावर सांगावं लागेल, ‘‘शेठ, हाफमध्ये भागत नाही, इंजिन उतरवावं लागतं.’’ मालक नाराज होईल, कदाचित गाडी दुसऱ्या गॅरेजला नेईल. तरीही हे वाक्य आकडे पुढे ठेवून बोलू शकणारा मिस्त्री तयार व्हावा, एवढ्यासाठी ही पुस्तिका लिहिली आहे. इंजिन चासीवर बांधण्याचं कौशल्य त्याच्याच हातात सुरक्षित राहील.